पापडाविना पंगत

निष्पर्ण सागांखालच्या मांडवात लग्नाची पंगत बसली होती. पानात वरण, भात, शिरा होता. कुरकुरीत काहीच नव्हतं. अळ्या दरवर्षी सगळा पाला फस्त करायच्या, म्हणून शास्त्रज्ञांनी या झाडांना कान दिले होते. चावण्याचा आवाज आला की झाड पालवी रोखून धरायचं. पण अळीचं चावणं कोणतं आणि माणसाचं कोणतं, हे झाडांना कळेना. अळ्या कधीच्या गेल्या, तरी गाव कितीतरी पावसाळे मऊच जेवत होतं.

तेवढ्यात परगावाहून आलेल्या नवरदेवाच्या मामांनी पिशवीतून डबा काढला आणि पापड कर्रकन मोडला.

सगळ्यांचे हात थांबले. झाड दचकलं की बुंध्यावरचा दिवा लाल व्हायचा. सगळे दिवे हिरवेच राहिले.

"झाडायले सवय झाली वाटते!" नवरीचे वडील खुशाबराव हसले. "आता फुटते पालवी."

त्यांची बहीण गयाबाई भरल्या पंगतीतून उठली. तिनं नखानं एका फांदीची साल खरवडली, मग दुसऱ्या झाडाची, मग तिसऱ्याची. आत सगळीकडे वाळकं लाकूड होतं.

ती मामांजवळ आली, डबा घेतला आणि वाढप्याच्या हातात दिला.

"सगळ्यायले पापड वाढ, बापा."