खालचे दोन दात

बाबांनी खालच्या दातांवरचं टोपडं नखाने अलगद उचललं, नळाखाली धुतलं आणि आरसा घेऊन ते खिडकीपाशी गेले. टोपडं हा त्यांचाच शब्द. त्यांच्या दातांच्या लॅबमध्ये बाकी सगळे अलाइनर म्हणत. दातांवर घट्ट बसणारी पारदर्शक प्लॅस्टिकची खोळ. जेवताना काढायची, चूळ भरून पुन्हा चढवायची. दर खेपेची खोळ आधीच्यापेक्षा किंचित सरळ असते आणि दात मुकाट्याने तिच्यामागे जातात. बाबांच्या सगळ्या खोळी त्यांच्या लेकीने केल्या होत्या. आज शेवटची उतरली.

"मॅनेजर, या इकडे. पाहणी करा."

लेक कडा घासायचं यंत्र बंद करून उठली. समोरचे खालचे दोन दात जन्मभर एकमेकांच्या खांद्यावर रेलून उभे होते, रस्त्यात गप्पा मारणाऱ्या दोस्तांसारखे. आता ते शाळेच्या रांगेत उभे होते. तिने बोट फिरवून पाहिलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. या घरात आणि घराखालच्या या लॅबमध्ये याहून मोठी शाबासकी कोणी कोणाला दिलेली नव्हती.

बाबा कवळ्या करत. साठी उलटल्यावर हे खूळ कशाला, असं ज्याने त्याने विचारलं होतं. लेकीच्या हातची वस्तू आहे, वापरून बघायला नको का, असं ते सांगत. खरी गोम दोघांनाही ठाऊक होती. तिच्या खालच्या दोन दातांची अगदी तीच तऱ्हा होती, आणि ती ओठ मिटून हसायची. मुळात ती हसायचीच कमी. पण बाबांनी त्याचा आपल्या परीने अर्थ लावला होता. आपण आधी पाण्यात उतरलो की ही मागोमाग येईल, असा त्यांचा बेत.

"आता तुझा नंबर."

तिने कामाच्या ढिगाकडे बोट दाखवलं. तो त्यांनी पाहिलाच नाही. रबरी वाटीत मापाचा गुलाबी लगदा कालवून ते उभे राहिले. बाकीचं आपल्या दातांच्या डॉक्टरीणबाई बघतील, म्हणाले, माप मात्र मीच घेणार.

"आ कर. लहानपणी औषधाला करायचीस तसा नको, मोठा कर."

तोंडात मापाचा ट्रे असलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही. बाबांना हे पुरतं माहीत होतं. एका हाताने तिची हनुवटी धरून ते निवांत बोलत राहिले. आजीचं नाक मिळालं तुला. आईचे केस मिळाले. सगळं निवडून निवडून चांगलं आलं.

"आणि माझ्याकडून काय, तर हे. तेवढं परत घेऊ दे मला."

तिने मान हलवली, तर त्यांनी हनुवटी आणखी घट्ट धरली. माप बिघडेल, म्हणाले. लगदा घट्ट झाला, ट्रे निघाला, तोवर ते प्लास्टर कालवायला वळलेही होते. शीळ घालत होते. वर्षानुवर्षांच्या सवयीच्या दातांतून येणारा सूर आता जरा वेगळा येत होता, आणि ते तो पुन्हा पुन्हा घालून बघत होते. तिने तोंड धुतलं, यंत्र सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मोजे घालायला पलंगावर बसले, ते उठलेच नाहीत. एक मोजा पायात होता, एक हातात.

लॅब पुन्हा उघडली त्या दिवशी डॉक्टरीणबाई भेटायला आल्या. बाबांच्या स्टुलावर न बसता त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी सांगितलं, की माप घेतलं त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला होता. मोठ्या खुशीत होते. लेक एकदाची कबूल झाली, म्हणाले, उद्या माप पाठवतो.

"त्यांच्या मनात फार होतं गं," बाई म्हणाल्या. "तू फक्त हो म्हण. उद्यापासून सुरू करू."

बाबांच्या बाकावर दोन मॉडेलं शेजारी शेजारी ठेवलेली होती. एक तिच्या दातांचं, त्या संध्याकाळी ओतलेलं. तळ घासून, कोपरे गोल करून, गिऱ्हाइकाला द्यायच्या कवळीसारखं नीटनेटकं. दुसरं त्यांचं स्वतःचं, पहिली खोळ चढवण्याआधीचं. बाबांनीच कपाटातून काढून जोडीला मांडलं असणार.

तिने एक या हातात घेतलं, एक त्या हातात. दोन्हींत उजवा दात डाव्यावर रेललेला. तितकाच. तिने अंगठा आधी एकावरून फिरवला, मग दुसऱ्यावरून, कड तपासावी तसा. बाबांच्या तोंडातले ते दोन दोस्त तिने स्वतःच्या हाताने, एकेक खोळ करत, रांगेत उभे केले होते. ते काम ठीक झालं होतं. आता तसे रेललेले दोन दात एकाच तोंडात उरले होते.

डॉक्टरीणबाई उत्तराची वाट बघत होत्या. ती हसली. इतक्या वर्षांच्या ओळखीत बाईंना तिचे खालचे दात आज पहिल्यांदाच दिसले.

पण ती बाईंकडे बघत नव्हती. समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून, पलीकडच्या खोलीतल्या माणसालाही ऐकू जावं इतक्या मोठ्याने ती म्हणाली,

"मला आवडतात हे, बाबा. पहिल्यापासून आवडतात. परत नाही देणार."