वाचेजवळची गाठ

"तुमचं नाव सांगा, मावशी," डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं. डोक्याला पट्टी बांधलेल्या मावशी छताकडे बघत राहिल्या. मेंदूतली गाठ बोलण्याच्या केंद्राला चिकटून होती. ती काढताना वाचा जाऊ शकते, हे डॉक्टरांनी ऑपरेशनआधीच बजावलं होतं. सून रडायला लागली.

पलंगाच्या पायथ्याशी मावशींचे धाकटे दीर उभे होते. मावशी चमच्याला कंगवा म्हणू लागल्या, तेव्हा "नाटकं आहेत" म्हणत यांनीच आठ महिने दवाखाना टाळायला लावला होता. "देवाची मर्जी, वहिनी," असं म्हणून ते चहाला गेले.

दार लागताच मावशींनी मान वळवली.

"मंदाकिनी रघुनाथ सावे. डोकं फुटतंय म्हणून मी ओरडत होते, तेव्हा त्यानं ऐकलं नाही. आता त्याला माझा एक शब्द मिळायचा नाही."