भिमाजीची साक्ष

"एका फटक्यानं हुकलं पोराचं!" आप्पासाहेबांनी मांडीवर थाप मारली, तेव्हा भिमाजी त्यांच्या खुर्चीमागे उभा होता. अडतीस वर्षं तो बहुतेक तिथेच उभा होता.

साखर कारखान्याच्या माळावरचं ते गोल्फचं मैदान. चहूबाजूंनी ऊस. चार फटके कमी लागले तर माणूस मोठा, असा हा उफराटा खेळ. आप्पासाहेबांनी अडतीस वर्षांपूर्वी पासष्ट फटक्यांत अठरा होल संपवले होते आणि तो विक्रम अजून उभा होता. आज सकाळी हर्षल त्याच्या मागे लागला. पोरगा इथलाच, राहुरीचा, आता देशभर पैशांच्या स्पर्धा खेळतो. तो सहासष्टवर थांबला.

पासष्ट टिकलं तर 'आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू' म्हणून आप्पासाहेबांच्या नावाचा दगड आजच उघडायचा, असं ठरलं होतं. दगड मांडवाबाहेर कापडाखाली तयार होता. चहा फिरत होता आणि विषय एकच होता, पूर्वीचे मोठे की आताचे.

"आताच्यांचं काय घेऊन बसलात?" आप्पासाहेब म्हणाले. "यांना वारा मोबाईल सांगतो, अंतर दुर्बीण सांगते. स्टिक अशी, की नुसती दाखवली तरी चेंडू पळेल. आमच्याकडं लाकडी स्टिक आणि हे मनगट. बास!"

"खरंय, आप्पासाहेब," हर्षल म्हणाला. "शाळेत असल्यापासून तुमचे पासष्ट ऐकतोय. ते आमच्यानं नाही व्हायचं."

आणि पोराने वाकून त्यांच्या पायाला हात लावला. भिमाजीला ते बघवेना. त्याने तोंड फिरवलं.

आप्पासाहेबांना मात्र रंग चढला. "आणि हा भिमाजी! माझा कॅडी. पासष्टच्या दिवशी स्टिकांची पिशवी यानंच उचलली होती. दुसऱ्या दिवशी दारात हजर! म्हणे, साहेब, मलाबी स्पर्धा खेळायची, कमिटीला चिठ्ठी द्या. मी म्हटलं, अरे भिमाजी, बैलानं गाडी ओढावी, गाडीत बसू नये!"

मांडव हसला. दरवर्षी हसायचा. भिमाजीही दरवर्षी हसायचा, कारण साहेबांच्या विनोदावर हसणं हे पिशवी उचलण्यातच धरलेलं असतं. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि खेळात आप्पासाहेबांच्या चार पावलं पुढेच होता. हे आप्पासाहेबांनाही पक्कं ठाऊक होतं. चिठ्ठी मिळाली नाही ती त्याचमुळे.

आज भिमाजी हसला नाही. कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

क्लबचे सेक्रेटरी कल्याणराव माईक घेऊन उठले. दगड उघडण्याआधी दोन शब्द हवे होते. "भिमाजी, तुम्ही दोन्ही काळ पाहिलेत. आप्पासाहेबांची पिशवी उचललीत, आज हर्षलचा खेळही बघितलात. तुम्हीच सांगा, मोठा कोण?"

भिमाजीने माईक घेतला. अडतीस वर्षं गिळलेली गोष्ट आज गिळायची त्याची तयारी नव्हती.

"हर्षलचा खेळ लई चांगला," तो म्हणाला. "पन एक गोष्ट त्याच्याकडं न्हाई. ती आप्पासाहेबांकडं हुती."

"ऐका!" आप्पासाहेब खुर्चीत मागे रेलले. "सांग रे, सांग यांना."

भिमाजीने माईक टेबलावर ठेवला. तिथलाच हर्षलचा चेंडू उचलला आणि मांडवाच्या कडेला, जिथून ऊस सुरू होत होता तिथे टाकला. उजव्या पायातली चप्पल काढली. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात चेंडू धरला आणि तो चालू लागला. मान ताठ, नजर समोर, जणू वाऱ्याचा अंदाज घेतोय. दहा-बारा पावलांवर, मऊ गवतात, चेंडू अलगद सुटला. तो वाकला नाही की खाली बघितलंही नाही.



"सातव्या होलला चेंडू उसात गेल्ता, म्हंजी दंडाचा फटका," भिमाजी म्हणाला. आता त्याला माईकची गरज नव्हती. "साहेब म्हनले, भिमाजी, आपला चेंडू भायेर असंल, बघ. मी जाऊन बघितला. मग तो भायेर हुता."

हर्षल गवतातल्या चेंडूकडे बघत राहिला.

आप्पासाहेब लालबुंद होऊन उठले. "आणि तू काय धुतल्या तांदळाचा? पाय तुझाच होता ना!"

"व्हय, माझाच. पाप माझंबी हाय. त्येच्या बदल्यातच तर चिठ्ठी कबूल केल्ती तुमी. दारात भीक मागाया न्हवतो आलो." भिमाजीचा आवाज चढला. "आन अडतीस वर्सं तुमी बैलाची गोष्ट सांगताय!"

आप्पासाहेबांनी आधारासाठी खुर्चीची पाठ धरली. या माणसाला असं उभं राहिलेलं बघायचं म्हणून आपण इतकी वर्षं जगलो, असं भिमाजीला वाटलं आणि ते वाटण्याची त्याला जराही लाज वाटली नाही.

कल्याणरावांची नजर बाहेरच्या दगडाकडे गेली, पुन्हा आप्पासाहेबांकडे आली. "अहो, पण एकदाच ना?" ते काकुळतीने म्हणाले. "अठरा होलांत एखादा चेंडू..."

भिमाजीने डाव्या पायातलीही चप्पल काढली.