तांदळातला अंगठा

हरिता माझ्या अक्काची नात; मीही तिचा ताता, आजोबाच. तंजावूरच्या कॉलेजात इंजिनियर झाली आणि आमच्या तांदळाच्या गिरणीत नवा थरथरणारा ट्रे बसवायला आली. ट्रेखाली विद्युतचुंबक, बाजूला दोन बटणं. एकाने थरथर जलद होते, दुसऱ्याने मोठी.

“ताता, दोन्ही जुळली की तांदूळ आपण होऊन पुढे जातात,” ती म्हणाली.

“नाही गेले तर तुला ढकलायला बसवीन.”

ती हसली आणि बटण जरासं फिरवलं. तांदूळ पुढे गेले नाहीत. एकात एक वळणं घेत ते रेषांत उभे राहिले. मधून एक तिरपी रेघ रिकामी राहिली.

“अय्यो, अंगठाच की हा!” हरिता वाकली. “आजीच्या अंगठ्यावर अशीच विळ्याची खूण होती ना?”

होती. अक्का जाऊन आता दहा वर्षं झाली. ती तापात पडली असताना तिचं शेत माझ्या नावावर करायच्या खरेदीखतावर तिच्या जागी मी माझा अंगठा उठवला होता. साठीनंतर अक्षरं शिकलो, तेव्हा पहिलं तेच खत वाचलं. नाव तिचं, अंगठा माझा. कोणालाच सांगितलं नाही. ट्रेमधले तांदूळ त्याच शेतातले होते.

“बंद कर ते.”

“का, ताता? एवढा घाम का आला?”

“बंद कर, पोरी.”

तिने वायर उपसून हातात धरली. घरघर थांबली. मी माझा अंगठा मुठीत लपवला.

ठसा मोडला नाही. वरून कोणी दाबत असल्यासारखा तो तांदळात हळूहळू खोल जात होता.