आधी कोणी प्यायचं

शेख दहामच्या बैठकीत राष्ट्राध्यक्ष गालिच्यावर मांडी घालून बसले होते आणि त्यांच्यापुढे कॉफी निवत होती. राजधानी सकाळीच पडली होती. 'सारे अरब एक' अशी रेडिओवरून गर्जना करणाऱ्या माणसाजवळ आता धुळीने माखलेली मोटार आणि एक अंगरक्षक, एवढंच उरलं होतं. ते सत्तेवर आले त्या दिवशी याच अंगणात बकरे कापले होते. दहाम स्वतः नाचला होता.

पाहुण्याने कॉफी न पिता खाली ठेवली, की त्याला काही मागायचं आहे असं समजायचं. यजमान 'प्या' म्हणाला आणि पाहुणा ती प्याला, की मागणं मंजूर. असल्या टोळीवाल्या रिती राष्ट्राध्यक्षांनीच मागासलेल्या ठरवून मोडीत काढल्या होत्या. आज मात्र त्यांना त्या बरोब्बर आठवल्या.

“अबू रकान,” ते म्हणाले, “सरहद्दीची वाट मोकळी होईपर्यंत मला तुझ्या छपराखाली राहू दे.”

अबू रकान. रकानचा बाप. त्या तोंडून ते नाव ऐकून दहामच्या काळजात कळ उठली. रकानला यांच्याच माणसांनी कॉलेजातून उचलून नेलं होतं. घरी परत आला तो नुसता त्याचा सदरा.

पडद्याआडून बायको कडाडली, “पाजा हो, पाजा! माझ्या लेकाला मरताना पाण्याचा थेंब तरी दिला होता का, तेवढं विचारा आधी!”

तिचं काही चुकत नव्हतं. पण आसरा मागायला आलेल्याला हाकललं असतं, तर बापजाद्यांच्या या बैठकीत पुन्हा बसायला दहामला तोंड उरलं नसतं. त्याने निवलेली कॉफी फेकली, किटलीतली गरम कॉफी आधी स्वतः प्यायली. पाहुण्याच्या मनात किंतु राहू नये म्हणून यजमानाने आधी प्यायची असते. मग त्याने राष्ट्राध्यक्षांचा पेला भरला आणि मन घट्ट केलं.

“प्या.”

राष्ट्राध्यक्षांचा चेहरा उजळला. त्यांनी पेला उचलला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने आधी मागे, अंगरक्षकापुढे धरला. त्यानेही सवयीनेच एक घोट घेतला. मग काय घडलं ते त्याला कळलं आणि त्याने पेला झटकन तोंडापासून दूर केला.

“माझ्या घरची कॉफी चाखून बघता?” दहामने विचारलं.

“तसं नाही, अबू रकान. हे आपलं नेहमीचं…”

“नाव काय रे तुझं?” दहाम अंगरक्षकाकडे वळला.

“हर्दान, शेखसाहेब.”

“संपव ती, हर्दान. माझी कॉफी तू प्यालास. सरहद्दीपर्यंत तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही.”

हर्दानने पेला रिकामा केला. दहाम उठला, त्याने बाहेरचं दार सताड उघडलं आणि तिथूनच आत हाक दिली.

“रकानच्या आई, जेवणाचं बघ. पाहुणा एकच आहे.”