सत्तरपैकी

“बाई चमकतेय की बाईच्या मागची जागा?” गजभियेंनी विचारलं.

सुहासिनीचं पेन थांबलं. इतक्या वर्षांत नवऱ्याने नाण्याबद्दल तिला कधी काही विचारलं नव्हतं. ते सांगायचे, ती ऐकायची.

मार्चमधली सकाळ होती. दिल्लीत, मयूर विहारच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ऊन आलं होतं. गजभियेंनी भिंग डोळ्याला लावलं होतं आणि अमेरिकेचं एक डॉलरचं नाणं कडेने धरलं होतं. त्यावर मशाल घेतलेली बाई. संग्राहकांसाठी खास पाडलेल्या साध्या प्रूफ नाण्यात बाई दुधाळ असते आणि मागची जागा आरशासारखी. रिव्हर्स प्रूफमध्ये बरोबर उलट. हा फरक नवख्यालाही दिसतो. गजभियेंना तर केसाएवढा ओरखडासुद्धा दिसायचा. नाण्याला सत्तरपैकी किती गुण मिळतील ते आधीच सांगायचे आणि अमेरिकेत तपासून आलं की तेवढेच असायचे. पहाडगंजचा नाणेवाला धीरज म्हणायचा, “अंकल, आपके देखे बिना मैं एक सिक्का भी बाहर नहीं भेजता.” सरकारी नोकरी संपली तसे ऑफिसातले लोक त्यांना विसरले. नाणेवाले विसरले नाहीत.

मग डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग जायला लागला. गेलेलं परत येणार नाही, डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. “धीरजला यातलं काही कळता कामा नये,” गजभियेंनी बायकोला बजावलं. “नजरेच्या कडेने दिसतं मला. बिल्कुल दिसतं.”

पाकिटं येत राहिली. आठवड्यातून दोनदा सुहासिनी गेटवरच्या गार्डकडचं पाकीट आणायला म्हणून खाली जायची आणि पाकीट घेऊन वर यायची. ते नाणं बघायचे, गुण सांगायचे, ती चिठ्ठीवर लिहायची. हल्ली ते कुरकुरत. “माल फारच हलका येतोय. धीरजला विचार, असली मळकट नाणी उचलतो कुठून?”

“विचारते,” ती म्हणायची.

आज मात्र त्यांनी तिलाच विचारलं होतं.

“बाई,” ती म्हणाली. “बाई चमकतेय.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. “मला दोन्ही राखाडी दिसतायत.”

खाली भाजीवाला ओरडत गेला.

“लोक माझ्या शब्दावर नाणी पाठवतात,” गजभिये म्हणाले. “आणि मी इथे बसून अंदाजाने आकडे फेकतोय. ही बेइमानी झाली. फोन लाव धीरजला. मीच सांगतो, आता बस.”

सुहासिनीने फोनला हात लावला नाही.

“लाव ना.”

“अहो, त्याने दिवाळीतच पाठवणं बंद केलं. तुमचे आकडे जुळेनात म्हणाला. तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती त्याची.”

“मग ही पाकिटं?”

“मी बांधते. जिन्यात उभी राहते थोडा वेळ आणि वर येते.”

“आणि नाणी कुठून आणतेस?”

खोटं बोलता आलं असतं. पण तिच्याकडे आता नाणीच उरली नव्हती.

“तुमचीच आहेत. कपाटातली. हे शेवटचं.”

कपाटात गजभियेंची स्वतःची छत्तीस नाणी होती. एकेकासाठी त्यांनी सहा-सहा, सात-सात नाणी बघून परत केली होती. छत्तीसच्या छत्तीस अमेरिकेहून सत्तरपैकी सत्तर घेऊन, प्लास्टिकच्या सीलबंद डब्यांत आली होती. ते सील तुटलं की ते सत्तरही गेले.

“डब्या?” त्यांनी विचारलं.

“फोडल्या. नाहीतर हाताला कळलं असतं तुमच्या. दिवाळीनंतर पाकीट येईना, तसे तुम्ही अंथरुणातून उठेनासे झाला होतात. मला दुसरं काही सुचलं नाही.”

ती ओरडण्याची वाट बघत होती. ते ओरडले नाहीत. हातातलं नाणं त्यांनी उन्हात धरलं, डोळ्याच्या कोपऱ्याशी नेलं, तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं.

“मी किती गुण दिले त्यांना?” त्यांनी विचारलं.

चिठ्ठ्या बघायची तिला गरज नव्हती.

“एकालाही साठच्या वर नाही.”