पंच्याऐंशीखालची रेघ

पुढच्या महिन्यात मी रिटायर होणार, म्हणून आर्थिक सल्लागाराकडे गेले होते. त्याने दोन चहा सांगितले.

“तीन सांगा,” मी म्हटलं. “अजून एक जण आहे, खाली गाडी लावून येईल.”

मग मी विचारलं, “बाजार कोसळला तर?”

“बाजाराचं कोणीच सांगू शकत नाही, मॅडम.”

“दहा वर्षांनी हॉस्पिटलचा खर्च किती असेल?”

“छे! त्याचा अंदाजच करू नका.”

“आणि नवीन सरकार आलं, त्याने पेन्शनचे नियमच फिरवले तर?”

त्याने हात वर केले. “राजकारणात उद्याचं कोणाला माहीत असतं?”

एवढं बोलून त्याने माझ्यासाठी तयार केलेला कागद पुढे सरकवला. माझ्या साठीपासून एकेक वर्ष मांडलं होतं. पंच्याऐंशीखाली जाड रेघ होती आणि पुढे कोरा कागद.

“ही रेघ कसली?”

तो अवघडला. “तिथवरच धरतो आम्ही, सगळ्यांचंच. त्यापुढे सहसा गरज पडत नाही.”

“म्हणजे बाजाराचं, हॉस्पिटलचं, सरकारचं तुम्हाला काही म्हणजे काही ठाऊक नाही. माझं मरण तेवढं पक्कं?”

तेवढ्यात दार ढकलून आई आत आली, गाडीची किल्ली बोटात फिरवत. अठ्ठ्याऐंशी पूर्ण.

“आई, ऐकलंस का? यांच्या कागदाप्रमाणे तुला जाऊन तीन वर्षं झाली.”

आईने खुर्ची ओढली आणि तिसरा चहा स्वतःकडे घेतला.

“हो का? मग आत्ता खाली पार्किंगवाल्याशी भांडून कोण आलं?”